लाखेची चिंबोरी

शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हापासून एका गोष्टीवरून माझं डोकं फिरत आलंय. अन्नसाखळीची आकृती काढायला सांगितली की निम्मा वर्ग बाण उलटा काढतो. बेडूक किडा खातो ना, मग बाण बेडकाकडून किड्याकडे! "अरे बाबांनो," मी फळ्यावर खडू आपटून सांगायची, "कोण कोणाच्या अंगावर धावून जातं ते नका दाखवू. सूर्याची ऊर्जा कुठून निघून कुठे जाते ते दाखवा. बाणाचं टोक खाणाऱ्याच्या तोंडात आलं पाहिजे." मुलं माना डोलवायची आणि परीक्षेत पुन्हा उलटा बाण. मी लाल पेनानं असा काही गोल करायची की कागद फाटायचा. एवढं चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे मलाही कळायचं. पोरांवरचा राग थोडा, बाकीचा माझा माझ्यावरच होता. तो कुठून आला हे सांगायचं तर आमच्या बांधावर जावं लागेल.

आमचं गाव कोपरखैरण्याच्या अंगाला, खाडीच्या काठी. आज तिथे सेक्टर आहेत, सोसायट्या आहेत, पार्किंगवरून भांडणं आहेत. मी सांगतेय ते सत्तरचं दशक संपत आलेलं असतानाचं. वाशीचा पूल झाला होता आणि पुलाच्या अलीकडे नवी वसाहत उभी राहिली होती. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने धूर सोडत होते. या सगळ्याच्या मधल्या पट्ट्यात आम्ही आगरी माणसं भात पिकवत होतो, तेही भरतीच्या पाण्याहून खाली असलेल्या जमिनीत. हे सांगितलं की लोकांना मी थापा मारतेय असं वाटतं. पण तसंच होतं. एका बाजूला खाडी आणि तिवरांची झाडी, दुसऱ्या बाजूला आमचं खाजण, म्हणजे खाऱ्या जमिनीतलं शेत, आणि दोघांच्या मध्ये मातीचा एक बांध. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढीच त्याची रुंदी. उधाणाच्या भरतीला खाडी त्या बांधाला छातीपर्यंत टेकायची. बांध फुटला तर खारं पाणी शेतात, आणि मग दोन-तीन वर्षं तिथे गवताची काडी उगवायची नाही.

घरात आम्ही तिघंच. बा, आय आणि मी. माझ्या आधीची दोन राहिली नाहीत, त्यामुळे मी जरा जास्तच लाडाची. पोरगी असून मला शिकवलं, ठाण्याच्या कॉलेजात सायन्सला घातलं, आणि गावातल्या लोकांनी नावं ठेवली तेव्हा बा म्हणाला, "माजी पोर हाय, मी तिला इमान चालवाया शिकवीन. तुमाला काय?"

आमच्या बांधाची खरी वैरीण म्हणजे चिंबोरी. खाडीतला हा मोठा हिरवट खेकडा चिखलात बीळ करतो, आणि बांधासारखा सुबक चिखल त्याला दुसरा कुठे मिळणार? एकेका बिळात माझा हात खांद्यापर्यंत जायचा. बीळ आरपार झालं की आधी नुसता ओलावा दिसतो, मग बारीक धार लागते आणि एका भरतीत खिंडार पडतं. यावर आमच्या घरात एक पद्धत होती, माझ्या आजे-पणज्यांपासूनची. ओहोटी लागली की आय आणि बा दोघं मिळून बांधावर जायचे. आयेच्या हातात लोखंडी आकडी, बाच्या हातात फावडं. आय गुडघ्यावर बसून आकडी बिळात घालायची, डोळे मिटायची आणि आतल्या आत चाचपून चिंबोरी ओढून काढायची. तिनं ती पाटीत टाकली की मागून बा त्या बिळात तिवराच्या डहाळ्या कोंबायचा आणि वरून चिखल थापायचा. आय पुढे, बा मागे. बोलणं फारसं नाही. बोललेच तर भांडायला. "नीट दाब, कालचाच बीळ हाय तो." "तू तुजी चिंबोरी बग."

पोटाखाली अंडी धरलेली मादी निघाली तर आय तिला खाडीच्या बाजूला सोडून द्यायची. बा कुरकुरायचा, की ही उद्या परत येऊन इथेच घर करणार. आय म्हणायची, "येवदे की. तिनं घर केलं म्हनून आपलं घर चाललंय."

आणि ते अक्षरशः खरं होतं. शेतातलं भात वर्षभर खायला पुरायचं. बाकी मीठ-मिरची, माझी पुस्तकं, एसटीचा पास, सगळं आयेच्या पाटीतून यायचं. बांधाच्या बाहेरच्या चिखलात तिची ठरलेली जागा होती. गावातली दुसरी बाई तिथे उतरायची नाही, तसा रिवाजच होता. चिंबोऱ्या, निवट्या म्हणजे ते चिखलावर उड्या मारणारे बटबटीत डोळ्यांचे मासे, हंगामात करंदी, म्हणजे बारकी कोळंबी. सगळं पाटीत घालून ती वाशीच्या वसाहतीत जिने चढून विकायची. बायका तिच्याशी घासाघीस करायच्या आणि वर वासाला नाकही मुरडायच्या. आय हसायची. मला मात्र त्या बायकांचा असा संताप यायचा की सांगता सोय नाही.

घरी चिंबोरीचं कालवण व्हायचं तेव्हा वाढायचा क्रमही ठरलेला होता. मोठ्या नांग्या बाला, कारण तो फावडं मारतो. पोटाकडचा गराचा भाग मला, कारण मी अभ्यास करते. लाखेची चिंबोरी असली, म्हणजे आत लालभडक घट्ट गाभोळी भरलेली मादी, तर ती लाख अर्धी अर्धी आम्हां दोघांना. आयेच्या ताटात बारके पाय आणि तळाचा रस्सा. ती एकेक पाय दाताखाली फोडून मनापासून चोखायची. "मना पायच आवडतात," म्हणायची. आणि आम्ही, एक फावडं मारणारा आणि एक कॉलेजात जाणारी, दोघंही शहाणी माणसं, वर्षानुवर्षं हे खरं मानून चाललो होतो!

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ऊर्जेचा धडा आला. पान सूर्याची ऊर्जा साठवतं, पान खाणाऱ्याकडे त्यातला साधारण दहावा हिस्सा जातो, त्याला खाणाऱ्याकडे त्याचा दहावा. बाकीची जगण्यातच खर्च होते. म्हणून गवत भाराभर असतं आणि घारी मोजक्या. मला हे इतकं आवडलं की घरी येऊन चुलीपुढे लेक्चर सुरू केलं. तिवराचं पान गळतं, बारकी खेकडी ते बिळात ओढून नेतात, खातात, उरलेलं तिथेच कुजतं. त्या कुजलेल्यावर करंदी, निवटी जगते. त्या खेकड्यांवर चिंबोरी. चिंबोरीवर आपण.

"म्हंजे आमी तिवराचा पाला खातो," बा म्हणाला. "गाईवानी."

"तसंच समजा."

आय भाकरी थापता थापता ऐकत होती. तिनं विचारलं, "एक हिस्सा पुडं जातो, मंग बाकीचं नऊ जातं कुठं?"

"हालचालीत जातं, अंगाच्या उबेत जातं. जिवंत राहायलाच खर्च होतं."

"म्हंजे कामात जातं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. मला वाटलं, चला, आयेला कळलं. तिला माझ्याआधी कितीतरी वर्षं कळलेलं होतं. मला तिच्या ताटाकडे बघून कळायला हवं होतं, ते मला कळलं नव्हतं.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता चिंबोरीनं आयेच्या उजव्या अंगठ्याला धरलं. असं आधी दहादा झालं असेल, पण या खेपेला जखम पिकली. सूज मनगटापर्यंत आली. आकडी धरणं बंद झालं. तीन-चार आठवडे बांधावर बा एकटाच जायचा. तो बिळं बुजवायचा आणि चिंबोऱ्या आतून निवांत पुन्हा उकरायच्या, कारण त्यांना बाहेर काढणारा हातच नव्हता. भात पोटरीतून बाहेर पडलं होतं, दाणा भरत होता. बांधालगतच्या दोन ओळी पिवळ्या पडल्या. बानं तिथली माती जिभेला लावून बघितली आणि थुंकला. खारट.

त्या भाताचं एक वेगळंच होतं. जमिनीची नोटीस येऊन पडली होती. नवं शहर आमच्या शेतापर्यंत येणार हे ठरलेलंच होतं, कधी येणार एवढंच कोणाला माहीत नव्हतं. बा रोज म्हणायचा, "ह्यो एक पीक मना कापू दे. मंग काय करायचं ते करा." मोठं उधाण आठवड्यावर आलं होतं. तो संध्याकाळी बांधावर नुसता बसून राहायचा.

आणि मी हुशार! मी पनवेलच्या दुकानातून कीडनाशक पावडरीचा डबा आणला. डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, पाण्याजवळ वापरू नये. ते मी वाचलं होतं. वाचता येत नव्हतं म्हणून चूक झाली असं म्हणायची सोय मला नाही. मी मनात म्हटलं, आपण पाण्यात कुठे टाकतोय, बिळात टाकतोय, बांध म्हणजे काही पाणी नव्हे. ज्या पोरीनं चुलीपुढे बसून पान, खेकडी, निवटी, चिंबोरी, माणूस अशी सगळी ओळ तोंडपाठ म्हणून दाखवली होती, तिनं हा विचार केला.

बाला सांगितलं. त्यानं डबा उलटासुलटा करून बघितला. "तुज्या बुकात हाय ना ह्ये?"

"आहे."

"मंग टाक."

आयेला सांगायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं. ती ओरडली असती. बांधावरच्या चिंबोऱ्या तिच्या होत्या. पण तिच्याच हाताला आराम म्हणून आपण करतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुपारी ओहोटीला आम्ही दोघांनी बिळाबिळात पावडर ओतली आणि वर चिखल थापला. खरं सांगते, मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. पहिल्यांदाच माझं शिक्षण घराच्या कामाला आलं, असं वाटलं होतं.

रात्री गडगडून परतीचा पाऊस पडला. सकाळी मी कॉलेजला गेले, बा नोटिशीच्या कामाला गावातल्या चौघांबरोबर कचेरीत गेला. आणि आयेचा अंगठा त्या दिवशी जरा बरा होता. घरी बसून ती विटली होती. तिनं पाटी उचलली, आकडीसुद्धा न घेता, आणि नुसतं बघून येते म्हणत आपल्या जागेवर गेली.

तिथे चिंबोऱ्या बिळांबाहेर आलेल्या. बांधावर, चिखलात, तिवराच्या मुळांत, सगळीकडे गुंगल्यासारख्या बसलेल्या. हात लावला तरी नांगी उगारत नव्हत्या. आता कोणी म्हणेल, एवढी अनुभवी बाई, तिला संशय कसा आला नाही? नाही आला, आणि त्याचं कारण तिचा अनुभवच. जोराचा पाऊस होऊन खाडीत गोडं पाणी उतरलं की चिंबोऱ्या अशाच सुस्तावून बाहेर येतात. आमच्याकडे लहान मूलही हे सांगेल. मेलेली चिंबोरी तिनं कधी उचलली नसती, पण या जिवंत होत्या. रात्री पाऊस पडलेला तिला माहीत होता. पावडर पडलेली माहीत नव्हती. तिनं पाटी भरली, दुखऱ्या अंगठ्याच्या हातानं.

दुपारी मी घरी आले तर ओटीवर पाटी, तिच्यात चिंबोऱ्या काथ्यानं बांधून ठेवलेल्या, आणि घरभर भाजल्याचा वास. आय चुलीपाशी बसली होती. पुढे कवच्यांचा ढीग. मला बघून ती अशी लाजली की जणू चोरी पकडली गेली.

"काय गो, हसू नको," ती म्हणाली. "एवड्या गावल्या, एवड्या गावल्या! संध्याकाली वाशीला नेतंय. त्यात एक लाखेची व्हती, ही एवडी. म्हटलं, आज कोन नाय घरात. आज आपुन खावी. निखाऱ्यावर भाजली नि अख्खी खाल्ली. लाखपन." आणि मग हळूच, जरा मिश्कील हसून, "माजे बाय, काय गोड लागते गो ती लाख! तुमी दोगं बरे एवडी वर्सं चापताय."

माझ्या हातातली वही खाली पडली. "आय, थुंक," एवढंच मी म्हणाले. खाऊन तिला अर्धा-पाऊण तास झाला होता. मी तिथेच बसून तिला सगळं सांगितलं. डबा, बिळं, बा, सगळं. ती ऐकत होती आणि कपाळावरचा घाम पदरानं पुसत होती. चुलीचा घाम असेल असं मला वाटलं. मग तिच्या तोंडाला लाळ सुटायला लागली आणि बोटं थरथरायला लागली, नि ती भिंतीला टेकली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. शेजारच्या दोघांनी तिला चादरीत घालून रस्त्यापर्यंत नेलं. कारखान्याचा एक टेम्पो थांबला. ती वाटेत ओकली, माझ्या मांडीवर. मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक शहाणपण माझ्याकडून झालं ते एवढंच, की निघताना मी तो डबा उचलून घेतला. वाशीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डबा वाचला आणि लगेच सुई टोचली. मग मला विचारलं, "हे खाल्लं कसं?" मी सांगितलं. तोंडावाटे गेलं असेल, अंगठ्याच्या जखमेतून गेलं असेल, दोन्ही असेल, ते म्हणाले. "डब्यावर लिहिलंय ना स्वच्छ, पाण्याजवळ नको म्हणून. घरात वाचता येणारं कोणी नव्हतं का?"



तिसऱ्या दिवशी आय धड बोलायला लागली. बा खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसून होता, दोन दिवस तो तिथून हललाच नव्हता. तिनं पहिलं काय विचारलं असेल? "पाटी कुठं हाय? कोनाला दिली नाय ना?" पाटी बानं दवाखान्यात येण्याआधीच सगळ्या चिंबोऱ्यांसकट कंबरभर खड्डा खणून पुरली होती. हे ऐकल्यावर ती पुन्हा झोपली. मला एक शब्द बोलली नाही. तिनं माझ्या दोन मुस्कटात मारल्या असत्या तर मी सुटले असते.

बांध त्या उधाणाला टिकला, आणि भात कापलं. बाला हवं होतं ते पीक त्याच्या हाती आलं. झोडणी झाली, तांदूळ घरात आला, पण त्या वर्षी नव्या तांदळाची खीर काही आमच्या घरात झाली नाही.

बाहेरच्या चिखलात मात्र काहीच उरलं नव्हतं. आधी बारकी खेकडी पालथी पडलेली दिसली. मग निवट्या दिसेनाशा झाल्या. एक बगळा बांधावर मरून पडला होता, त्याच्या चोचीला चिखल तसाच. तिवराची पिवळी पानं पूर्वी पडायची आणि दुसऱ्या ओहोटीपर्यंत नाहीशी व्हायची, बिळांत ओढली जायची. आता ती तिथेच थरावर थर साचली, भरती आली की तरंगायची आणि वाहून जायची. सूर्य रोज होता तसाच तापत होता, झाडं हिरवीगार होती, पानं गळत होती. पण खाली ती घ्यायला कोणी नव्हतं. हिरव्या झाडीखाली एवढा मोठा उपास पडलेला मी कधी बघितला नव्हता.

तेव्हा मला पुस्तकातलं पुढचं पान समजलं. वर जाताना ऊर्जा प्रत्येक पायरीला कमी होत जाते. पण काही विषं अशी असतात की ती अंगात खर्चच होत नाहीत. शंभर बारक्या खेकड्यांतलं थोडं थोडं एका चिंबोरीच्या अंगात गोळा होतं, आणि कितीतरी निवट्यांमधलं एका बगळ्यात. सगळ्यांत शेवटी खाणाऱ्याच्या वाट्याला ऊर्जा थोडी आणि विष जास्त.

गावातल्या बायका आयेला विचारायच्या, "काय गो, तुज्या जागेला झालं काय?" आय म्हणायची, "कंपनीचं पानी आलं आसंल." कारखान्यांची घाण खाडीत उतरत होतीच, त्यामुळे सगळ्यांना पटायचं. मी शेजारी उभी असायची आणि गप्प बसायची. तिनं मला झाकलं आणि मी झाकू दिलं. याची लाज मला त्या पावडरीहून जास्त वाटते, आजही.

हात बरा झाल्यावरही तिला जागा नव्हती. दुसरीच्या जागेत उतरायचं नाही हा रिवाज, आणि तो तिनं मोडला नाही. कुणाच्या तरी परसात मिरच्या खुडायला जायची, भात कांडायला जायची. पण दर आठवड्याला एकदा ओहोटीला ती बांधावर जाऊन बघून यायची. मीही जायला लागले, तिच्या मागून, बा जिथे चालायचा तिथून. एक अख्खा पावसाळा गेला, दुसरा आला. मग एका सकाळी ती थबकली, खाली वाकली आणि मला हातानं बोलावलं. चिखलावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या मातीच्या गोळ्या पडल्या होत्या, एका इवल्याशा भोकाभोवती. बारकं खेकडं बीळ उकरतं तेव्हा तशा गोळ्या टाकतं. त्या भोकात एक पिवळं पान अर्धं ओढलेलं होतं.

"आयलं बग," आय म्हणाली. एवढंच. मला तिथे चिखलात बसून रडू आलं. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "उठ, भरती येतेय."

निवट्या परतल्या, करंदी परतली. सगळ्यांत शेवटी चिंबोरी. त्यालाही वर्ष लागलं. तोवर मी शिकून मास्तरीण झाले होते आणि जमीन मोजणारे लोक खांब रोवून गेले होते. आयेनं आकडी घातली, डोळे मिटले आणि पहिली चिंबोरी काढली. दाबून बघितली, लाखेची होती. वाशीला नेली असती तर चांगली गेली असती, पण ती घरी आणली.

त्या दिवशी वाढायला मी बसले. तीन ताटं घेतली. बाच्या ताटात मी पाय वाढले आणि रस्सा. तो बघत राहिला. माझ्या ताटातही पाय. ती अख्खी लाख, एवढीशीही न तोडता, मी आयेच्या ताटात ठेवली. इतक्या वर्षांचं देणं असं एका वाढपात फिटतं अशी माझी भाबडी समजूत होती. मला वाटलं, आता ती "मना नको" म्हणून परत सारेल, मग मी रागावेन, मग भांडण होईल आणि शेवटी ती खाईल.

तिनं परत सारली नाही. उलट माझ्या ताटातला पाय आणि बाच्या ताटातला पाय उचलून आपल्या ताटात घेतला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आधी मी खाते. मना काय झालं नाय, तर मंग तुमी खा."

तिनं लाखेचा तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावायला लागली. ती गोड लागतेय का, हे विचारायचं मला सुचलं नाही. आम्ही दोघं पुढ्यातल्या भाताला हात न लावता तिच्या तोंडाकडे बघत बसलो, आणि ती चुलीकडे बघत, स्वतःच्या पोटाकडे कान लावल्यासारखी, वाट बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं मान हलवली आणि उरलेली सगळी लाख आमच्या दोन ताटांत अर्धी अर्धी वाढली.

त्यानंतर शेतात भराव पडला, बांध भरावाखाली गेला, आम्ही जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर दोन खोल्या बांधल्या आणि मासळी बाजारातून विकत आणायला लागलो. पण मासळी कुठलीही असो, आमच्या घरात पहिला घास आयेनंच घ्यायचा आणि "थांबा जरा" म्हणायचं, हे ती जाईपर्यंत चाललं. तिनं आधी जेवावं असं मला फार वाटायचं. ती आधी जेवायला लागली ती अशी.